शांत समुद्राची तारीख

१४ ऑक्टोबर

दाजींना छोट्याचा नमस्कार.

आधी चष्मा पुसून घ्या. सोबत एक फोटो आहे, तो तेलकट काचेतून बघायचा नाही.

ओळखला का मनोरा? तुमचाच आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी तुमच्या दीपगृहावर चार दिवस राहायला आलो होतो, तेव्हा फिल्मचे दोन रोल संपवले होते. त्यातलंच हे एक निगेटिव्ह. स्टुडिओ बंद केल्यापासून सगळी निगेटिव्हं बिस्किटांच्या डब्यात पडून होती. यंदा सूनबाईनं कॉम्प्युटर शिकवला, तोही साठी उलटल्यावर. पहिल्या दिवशी मी माउस उलटा धरला तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. आता तीच म्हणते, "बाबा, पुरे, जेवायला उठा."

आता आतली गोष्ट सांगतो, तुमच्यापाशीच ठेवा. मनोरा तुमचा, पण लाट आमच्या इथल्या धक्क्यावरची. जेमतेम गुडघ्याएवढी होती. मी पोटावर आडवा होऊन काढली म्हणून ताडमाड दिसते. ढग आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागचे. आणि ते तुषार उडताना दिसतात ना, ते गव्हाचं पीठ! काळ्या कापडावर चाळणीनं भुरभुरलं आणि वरून फोटो काढला. सूनबाई म्हणाली, "चाळणी जागेवर ठेवा म्हणजे झालं." असे अठ्ठावीस तुकडे जोडलेत, दाजी. एक सांधा दाखवा, मिशी उतरवून देतो.

दिवा मात्र लावला नाही. तीन वेळा लावून बघितला. उजेड आला की लाटेची धार मरते, चित्रातली भीतीच निघून जाते. काळं आभाळ, खाली विझलेला मनोरा आणि अंगावर येणारी लाट. बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे.

इथल्या फोटो मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. वर्तमानपत्रातही छापून आलाय. कात्रण नंतर पाठवतो, माझ्याकडे एकच प्रत आहे. मंडळात मी दर रविवारी शिकवतो हल्ली. "गुरुजी" म्हणतात मला. सातवी नापास माणसाला गुरुजी! ताई असती तर तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं असतं.

तब्येत सांभाळा. जिने बेतानं चढा.

छोट्या

ता.क. मागच्या महिन्यातल्या वादळात तुमच्या खडकावर होडी फुटली असं कोणीतरी म्हणत होतं. कोणाला लागलं वगैरे नाही ना?

*

२२ ऑक्टोबर

छोट्या,

साठी उलटलेल्या माणसाला छोट्या म्हणताना जीभ अडखळते. पण तुझ्या ताईनं ठेवलेलं नाव, मी बदलणारा कोण?

फोटो जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलाय. हात तुझा भारी आहे, यात वाद नाही. आता एक विचारतो, रागावू नकोस. लाट जमिनीच्या बाजूनं येते आहे, हे तुझ्या मंडळात कोणाच्याच लक्षात आलं नाही का? त्या बाजूला माझी वांगी लावलीत. आणि खरंच एवढी लाट आली असती तर हे उत्तर तुला माशाच्या पोटातून आलं असतं.

पडद्याकडे बघितलंस का? तू शहरातला म्हणून सांगतो. दिवसा आम्ही दिव्याच्या भिंगाभोवती पडदा ओढून ठेवतो, नाहीतर ऊन भिंगातून गोळा होऊन आतलं लाकूड पेटायचं. सूर्य मावळायच्या आधी पडदा सरकवायचा आणि दिवा लावायचा. तुझ्या फोटोत पडदा ओढलेला आहे, म्हणजे दिवसाची वेळ. ते ठीकच आहे, तुला कुठे ठाऊक असणार. पण मी म्हणतो त्या पडद्याकडे नीट बघ. मी भिंग लावून बघितला आणि बराच वेळ बघत बसलो. चहा गार झाला.

होडीचं विचारलंस. तिघं होते. होडी चालवणारा तांडेल आणि एक खलाशी, हे दोघं दोर टाकून मीच वर ओढले. तांडेलाचा धाकटा भाऊ गेला. चोवीस वर्षांचा होता. आभाळ भरून आलं म्हणून मी त्या दिवशी सहालाच दिवा लावला होता, पण सातच्या सुमारास असा पाऊस कोसळला की गॅलरीत उभं राहून मला माझाच हात दिसेना. तांडेल म्हणतो, दिवा दिसला नाही. तो खोटं बोलत नाही. नसेलच दिसला.

चौकशी लागली आहे. लागू दे. मार्चमध्ये मी निवृत्त होतो. चौतीस वर्षांच्या वह्या आहेत, त्यात एक रात्र कोरी नाही.

कात्रण पाठव. मोठ्या अक्षरात नाव छापलंय का ते बघायचंय.

दाजी

*

५ नोव्हेंबर

दाजी,

होडीचं वाचून फार वाईट वाटलं. चोवीस म्हणजे काहीच वय नाही. तुम्ही दोघांना वाचवलंत हे मात्र केवढं मोठं काम.

पडद्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. फार पांढरा दिसत होता, म्हणून मी तो बराच काळवंडवला आहे. उजव्या बाजूला खाली एक डाग राहिलाय, निगेटिव्हवर बुरशी आली असावी. तुमची नजर अजून पक्की आहे! पुढच्या प्रतीत साफ करतो.

कात्रण सूनबाईनं कुठेतरी ठेवलंय, सापडलं की पाठवतो.

पहिल्या पत्रात लिहायचं राहिलं, बक्षिसाच्या दिवशी सत्कार छान झाला. वर्तमानपत्राचा माणूस आला होता. विचारत होता, एवढ्या वादळात उभे कसे राहिलात. मी नुसता हसलो. लोकांना काय, गोष्टी हव्या असतात.

चौकशीचं काही मनावर घेऊ नका. तुमच्यासारख्या माणसाला कोण काय म्हणणार?

घाईत आहे. रविवारच्या वर्गाची तयारी करायची आहे.

छोट्या

*

२० नोव्हेंबर

छोट्या,

कात्रण शोधायचे कष्ट घेऊ नकोस. मी बघितलं.

परवा चौकशीवाले साहेब आले होते, दोन कारकून घेऊन. बरोबर होडीचा मालकही होता. त्यानं वर्तमानपत्राचं पान टेबलावर पसरलं. मिठाची बरणी त्यानंच बाजूला केली. फोटो अर्धं पान भरून आहे. खाली लिहिलंय : "१९ सप्टेंबर, संध्याकाळी सातच्या सुमारास, जिवावर उदार होऊन टिपलेला क्षण." तुझं नाव मोठ्या अक्षरात आहे. तेवढं बघायचं होतं, ते बघून झालं.

साहेबांनी विचारलं, "हा तुमचा मनोरा?" मी म्हणालो, हो.

"दिवा लागलेला दिसतो का?" नाही.

"पडदा ओढलेला आहे?" आहे.

"दिवा सहाला लावला असं तुमच्या वहीत आहे." आहे.

"वही कोण लिहितं?" मीच लिहितो.

त्यावर होडीचा मालक मोठ्यांदा हसला. कारकुनानं लिहून घेतलं.

मग साहेब म्हणाले, "या फोटोवाल्याला ओळखता?" मी म्हणालो, लग्नकार्यातली ओळख आहे. बाकी काही बोललो नाही. तुझा पत्ता त्यांच्याकडे आहे, तुला कागद येईल.

ते गेल्यावर मी वही उघडली. वर कोण आलं, कोण गेलं, याची नोंद ठेवावी लागते हे तुला माहीत आहे. १९ सप्टेंबरच्या पानावर "पाहुणे : नाही" असं आहे. आता मला शंका येते. तू आला होतास का रे त्या संध्याकाळी? आला असशील तर चहाला वर का नाही आलास?

तांडेल खाली वांग्यांपाशी उभा होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं की कोणी माझ्याकडे बघितलं आणि मला जिन्यात परत फिरावंसं वाटलं.

तो डाग साफ करू नकोस.

दाजी

*

२७ नोव्हेंबर

दाजी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं तेव्हा सूनबाईनं विचारलं, "बाबा, कोणाचं काही झालं का?" मी म्हणालो, नाही. हल्ली माझ्या तोंडून हे असलंच काहीतरी पटकन निघतं.

तुमच्यापासून काही लपवत नाही आता. सत्काराच्या दिवशी मी नुसता हसलो नव्हतो. त्या माणसानं विचारलं, "हा खरा फोटो आहे? तुम्ही तिथे होतात?" मागे मंडळाची सगळी पोरं उभी होती. मी "हो" म्हणालो. एवढंच म्हणून थांबलो असतो तर कदाचित सावरता आलं असतं. त्यानं विचारलं, कोणत्या दिवशी? तेव्हा जो तो एकोणीस तारखेच्या वादळाबद्दल बोलत होता, मी म्हणालो एकोणीस. किती वाजता? सातच्या सुमारास. मग तो म्हणाला, वाऱ्यानं पडला नाहीत? मी म्हणालो, पट्ट्यानं स्वतःला कठड्याला बांधून घेतलं होतं. दाजी, मला कोणी तेवढं विचारलंही नव्हतं. पट्टा मीच आणला कुठूनतरी. त्या रात्री... रात्र कसली, त्या संध्याकाळी मी पायात मोजे घालून कॉम्प्युटरसमोर बसलो होतो.

होडीचं मला पहिल्या पत्राआधी माहीत होतं. ता.क. मध्ये जे विचारलं, ते माहीत असूनच विचारलं. तुम्ही "काही झालं नाही" असं लिहाल अशी आशा होती.

कागद आला आहे. त्यावर छापलंय : "वरील छायाचित्र मी स्वतः उपरोक्त दिवशी व वेळी घेतले आहे / नाही. नको ते खोडावे." खाली सहीची जागा. चार दिवस तो टेबलावर आहे. पेन उचलतो आणि ठेवतो. एकदा तर खोडायच्या ऐवजी पेनाला शाई आहे का ते बघण्यासाठी दुसऱ्या कागदावर वेलबुट्टी काढत बसलो.

एक सुचतं. तुम्हीच साहेबांना खासगीत सांगितलंत तर? म्हणावं, मेहुणा म्हातारा झालाय, तारखांचा घोळ घालतो. फोटो जुना आहे. तुमच्या शब्दाला वजन आहे. म्हणजे तुमचंही काम होईल आणि इथे फार बोभाटा होणार नाही. मंडळात पोरं मला गुरुजी म्हणतात हो. दुसरं कोणी कधी मला काही म्हटलेलं नाही.

एवढं कराल का?

छोट्या

*

४ डिसेंबर

छोट्या,

करणार नाही.

एक तर मी सांगितलं तर साहेब म्हणतील, नातेवाइकानं नातेवाइकाला सांभाळून घेतलं. माझ्या शब्दाला वजन होतं. ते त्या पानाखाली दबलंय.

दुसरं म्हणजे, तुझी ताई हॉस्पिटलमध्ये शेवटचे दोन महिने होती तेव्हा उशीखाली तुझ्या फोटोंचं पाकीट असायचं. येणाऱ्या जाणाऱ्या नर्सला दाखवायची. "माझा भाऊ. शाळा पुरी केली नाही, पण नजर बघा." अशी बहीण असलेल्या माणसाला मी तारखांचा घोळ घालणारा म्हातारा म्हणायचं? तुला काय म्हणायचं असेल ते तू म्हण.

सुनावणी १८ तारखेला अकरा वाजता आहे, बंदराच्या कचेरीत, पहिल्या मजल्यावर. साक्षीदारांना एकेकाला आत बोलावतात. यायचं की नाही, तुझं तू बघ. रागानं लिहीत नाही. खरंच तुझं तू बघ.

आलास तर चहाला वर ये. पायऱ्या एकशे बारा आहेत, मधे दोनदा बस.

दाजी

*

२१ डिसेंबर

दाजी,

मी आलो होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकावर बसलेले तुम्ही मला दिसलात. मांडीवर कापडी पिशवी होती, दोन्ही हातांनी धरलेली. केस नीट भांग पाडून बसवलेले. तुम्ही मान वर केलीत आणि मी भिंतीवरची अग्निशमनाची सूचना वाचू लागलो. अक्षरन् अक्षर पाठ आहे मला ती. मग शिपायानं माझं नाव पुकारलं आणि मी सुटलो. असं सुटल्यासारखं वाटावं याचीही लाज वाटली.

आत काय झालं ते तुम्हाला बाहेर कळलं नसेल, म्हणून लिहितो.

साहेबांनी तो कागद मागितला. मी त्यांच्यासमोर "आहे" खोडलं आणि सही केली. ते म्हणाले, "म्हणजे काय?" मी म्हणालो, म्हणजे मी तिथे नव्हतो. मनोरा वीस वर्षांपूर्वीचा, तोही सकाळचा. लाट दुसरीकडची. साहेबांना पटेना. होडीचा मालक ओरडला, "आता मेहुण्याला वाचवायला आलाय!" त्यानं नातं शोधून काढलं होतं. तेव्हा मी माझी पिशवी उघडली. निगेटिव्ह काढलं. धक्क्यावरच्या लाटेचा फोटो काढला, त्यात कडेला माझी चप्पल आली आहे, म्हणजे लाट केवढीशी ते कळतं. टाकीसकट ढग काढले. शेवटी काळं कापड पसरलं आणि घरून आणलेल्या चाळणीतून पीठ भुरभुरलं. चौकशीच्या टेबलावर, दाजी! कारकुनाच्या कागदांवरही उडालं. साहेब वाकून बघत राहिले. वर्तमानपत्रातल्या तुषारांवर बोट ठेवलं, मग कापडाकडे बघितलं. म्हणाले, "हे पीठ आहे?"

मी म्हणालो, "हो साहेब. गव्हाचं."

कोणीतरी हसलं. मलाही हसू आलं असतं एरवी. मी तिथे चाळणी हातात धरून उभा होतो, एकसष्ट वर्षांचा, आणि एका माणसाचं चौतीस वर्षांचं नाव माझ्या पिठाखाली गेलं होतं. साहेब म्हणाले, "दिवा का नाही दाखवलात?" मी खरं ते सांगितलं. म्हणालो, लाट चांगली दिसावी म्हणून. यावर कोणी हसलं नाही. कारकुनानं तेवढंच वाक्य दोनदा विचारून लिहून घेतलं.

मागच्या दारानं बाहेर पडलो तर पॅसेजमध्ये तांडेल उभा होता. मला वाटलं, आता हा गळा धरणार, आणि धरू दे असंच वाटलं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "काका, खरंच दिवा होता?" मी म्हणालो, होता. त्यानं माझ्या हाताला लागलेल्या पिठाकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमचा फोटो आल्यापासून मला झोप लागायला लागली होती. म्हटलं, दिवाच नव्हता, मग मी काय करणार. होडी मी नेली ना खडकावर. आता परत सगळं माझ्यावर आलं."

तुमच्यावरचं काढायला गेलो आणि त्याच्यावर घालून आलो. त्याच्या आईलाही त्यानं तसंच सांगितलं होतं म्हणे, की दिवा नव्हता. ती दोन महिने तुम्हाला शिव्या देत होती आणि त्यामुळे तिला जेवण जात होतं. माझ्या एका "हो"नं कुठवर जावं, दाजी?

त्यानंतर तुमच्यासमोर यायचं धाडस नव्हतं. साडेबाराची गाडी धरली. चहाचं राहिलं.

मंडळात बक्षीस परत केलं. पोरांना उभं राहून सगळं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मग जोडून फोटो करायचेच नाहीत का?" मी म्हणालो, करा, झकास करा, मीही करणार. फक्त कोणी विचारलं तर सांगा कुठली लाट, कुठले ढग. आता पोरं मला गुरुजी म्हणत नाहीत. काका म्हणतात. बरं आहे.

आणखी एक आहे. हे साहेबांना सांगितलं नाही. निगेटिव्ह न्यायचं म्हणून आदल्या दिवशी डब्यातून काढलं आणि पुन्हा पूर्ण मोठं करून बघितलं. कडा न कापता. मी विसरलोच होतो, दाजी. मनोऱ्याच्या पायाशी ताई आहे. दोरीवर कपडे वाळत घालते आहे. माझ्याकडे बघून काहीतरी सांगते आहे, हातात चिमटा आहे. दोरीवर दोन चादरी, तुमचा शर्ट आणि एक उशी, अभ्र्याशिवाय नुसतीच. हे सगळं मी पुसलं होतं. मला आठवतंय पुसताना. म्हटलं होतं, वादळात कपडे कोण वाळत घालतं, चित्राचा विचका होतोय. पाऊण तास लागला होता. ताईचा चेहरा न बघता मी तिच्या जागी खडक भरला. कोण आहे म्हणून बघितलंच नाही, नुसतं नको असलेलं काहीतरी म्हणून पुसलं.

तुमची माफी मागायला तोंड नाही. सोबत पूर्ण फोटो पाठवतो, काहीही न जोडलेला, काहीही न काढलेला. मागे तारीख घातलेली नाही. खोटी घालून झाली, खरी मला आठवत नाही.

तुमचा,
छोट्या

*

२ जानेवारी

छोट्या,

फोटो पोचला. दोन दिवस पाकिटातून काढला नाही, आणि मग काढल्यावर पुन्हा आत ठेवला नाही.

साहेबांचं पत्र आलं. दोन ओळी आहेत. दिवा वेळेवर लागला होता, रखवालदारावर ठपका नाही. वर्तमानपत्रातही आलंय, आतल्या पानावर, पंचांग छापतात त्याच्या वर, बोटभर. ते कात्रण मी पाठवत नाही. माझ्याकडे एकच प्रत आहे.

आता रागावतो, ऐक. साडेबाराची गाडी का धरलीस? मी एक वाजेपर्यंत बाकावर बसलो होतो. शिपाई म्हणाला, "आजोबा, तुमचं काम झालं, जा आता." मला वाटलं तू हात धुवायला गेला असशील.

माझ्या मांडीवरच्या त्या पिशवीत काय होतं ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. पडदा होता. जुना. तुझ्या ताईनंतर एका वर्षानं नवे पडदे आले, हिरवट रंगाचे. जुना मी ट्रंकेत ठेवला होता. तुझ्या फोटोत तू ज्याला बुरशीचा डाग म्हणालास, ते ठिगळ आहे. तुझ्या ताईनं लावलेलं. पडद्याला भोक पडलं होतं, आणि त्यातून ऊन भिंगावर आलं तर आग लागायची. नवा पडदा मागवला तर यायला सहा महिने. तिनं सरळ उशीचा अभ्रा फाडला, निळ्या रेघांचा, आणि ठिगळ मारलं. दोरीवरची उशी नुसती का, ते कळलं ना आता? त्या रात्री माझ्या गालाला कापूस चिकटत होता. तक्रार केली तर म्हणाली, "दिव्याला पांघरूण हवं, तुम्हाला नको."

तर तो पडदा आठ वर्षं ट्रंकेत आहे, मग यंदाच्या वादळात मनोऱ्यावर कसा असेल? पहिला फोटो मिठाच्या बरणीला टेकवला त्याच दिवशी मला हे दिसलं होतं. सुनावणीला तो घेऊन गेलो. तू आला नसतास तर पिशवी उघडली असती का? खरं सांगतो, मला माहीत नाही. दोन्ही हातांनी धरून बसलो होतो ते म्हणूनच. तिच्या हातच्या शिवणीनं तुला खोटं ठरवायचं, हे काही मला जमेना. आणि मार्चमध्ये मान खाली घालून या पायऱ्या उतरायच्या, हेही जमत नव्हतं. शिपायानं तुझं नाव पुकारलं आणि तू उठलास, तेव्हा माझी बोटं सुटली.

तांडेलाचं मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे लाव, लावायलाच हवं, पण सगळं नको. मी त्याला वर बोलावलं. आला. एकशे बारा पायऱ्या एका दमात चढला आणि मग गॅलरीत धापा टाकत उभा राहिला. मी दिवा लावून दाखवला. म्हटलं, हा लागलेला होता आणि तरी तुला दिसला नाही, कारण मी इथे उभा होतो आणि मला माझा हात दिसत नव्हता. वहीत "दृश्यमानता शून्य" हेही मीच लिहिलंय, ते कोणी वाचलं नाही. जाताना पुढच्या आठवड्यात आईला घेऊन येतो म्हणाला. म्हाताऱ्या बाईला एवढे जिने कसे चढवणार, मी खालीच खुर्ची टाकीन. तू त्या वेळी इथे असावंस असं मला वाटतं. बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं.

आता तारीख. मी वह्या काढल्या. एकवीस वर्षांपूर्वीची वही सापडायला दीड दिवस लागला, उंदरांनी पुठ्ठा खाल्लाय पण आतलं शाबूत आहे. जसंच्या तसं उतरवून देतो :

"११ फेब्रुवारी. हवा स्वच्छ. वारा मंद. समुद्र शांत. दिवा वेळेवर मालवला. भिंगाचा पडदा फाटलेला आढळला, शिवून पुन्हा लावला. पाहुणे : एक."

कोणी शिवला ते लिहिलेलं नाही. तशी जागा नसते वहीत. ते तू फोटोच्या मागे लिही.

आणि तो पाहुणा म्हणजे तू.

दाजी